करंगळीशेजारचं बोट

प्रिय नकटे,

हे नाव कागदावर पाहून तू नाक मुरडणार, याची मला पुरेपूर खात्री आहे. शाळेच्या दाखल्यावरचं तुझं भारदस्त नाव मी कितीतरी वेळा वाचलं, लिहिलं, पण हाताने कधी घेतलं नाही. आपल्या घरात तुझं नाव म्हणजे बोटाने नाकाचा शेंडा दाबायचा, संपलं. तुझे बाबा तर इतक्या जोरात दाबायचे की त्यांचंच नाक लाल व्हायचं. तू आता एका लेकराची आई आहेस, ऑफिसात चार माणसं तुझ्या हाताखाली आहेत, पण मला तू नकटीच. तेव्हा निमूटपणे वाच.

अक्षर बघून घाबरू नकोस. टाके निघाले, जखम भरली, पण पेन धरलं की तळहात अजून हुळहुळतो. म्हणून हे पत्र मी थोडं थोडं लिहिते आहे, एखादा परिच्छेद झाला की हात उशीवर ठेवून बसते. फोनवर का नाही सांगितलं, असं म्हणशील. फोनच्या पडद्यावर माझे हात मध्येच गोठतात, मध्येच फराटे होऊन वाहून जातात, आणि नेमका महत्त्वाचा शब्द त्यात जातो. शिवाय काही गोष्टी माणसाने एकट्याने वाचाव्यात, समोर कुणी चेहरा वाचत बसलेलं नसताना. तू मला विचारलं होतंस, दोन वर्षं ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायचीस, मग अचानक एका दिवसात कशी तयार झालीस? मी म्हटलं, कंटाळले दुखण्याला, आणि विषय बदलला. ते काही खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर याच पत्रात लिहिणार आहे, पण मला माझ्या वाटेने येऊ दे. मूळ मुद्द्यावर यायच्या आधी मी गावभर फिरून येते, ही तुझ्या बाबांची जुनी तक्रार तुला माहीतच आहे.

बोटाची सुरुवात कशी झाली, ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. एका सकाळी उठले आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मिटलेलंच राहिलं. बाकीची चार उठली, हे आपलं झोपलेलं. डाव्या हाताने धरून उचललं, तर खटकन सरळ झालं, जसा अडकलेला खटका सुटावा. बाबा समोर चहा घेत होते. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, म्हातारीचे खिळे सैल व्हायला लागले. मीही हसले. वाटलं, गार पाण्यात कपडे धुतले म्हणून असेल. पण मग ते रोजचं झालं. आधी फक्त सकाळी, मग दुपारीसुद्धा, मग कात्री धरली की, पिशवी उचलली की. तळहातात, बोटाच्या मुळाशी, दाबलं की वाटाण्याएवढी गाठ लागायची आणि कळ थेट कोपरापर्यंत जायची.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बोट सरळ करणारी आणि मिटणारी दोरी असते, मिटणारी दोरी तळहातात एका अरुंद नळीतून सरकते. दोरीला सूज आली, नळीचं तोंड जाड झालं, की दोरी ओढली जाते पण परत येताना अडते. मला ते लगेच कळलं. आयुष्यभर पुस्तकं शिवली मी. दोऱ्याला गाठ पडली की ती कागदाच्या छिद्राशी येऊन अडते, ओढलं तर कागद फाटतो, नाही ओढलं तर टाका बसत नाही. मी कागदावर लिहिलं, म्हणजे छिद्र मोठं करायचं? त्या हसल्या आणि खाली लिहिलं, अगदी तेच.

बाइंडिंग खात्यातली ती वर्षं या आजारपणात मला फार आठवली. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना आम्ही बसलेलो, मध्ये छापील कागदांच्या चवडी. शेजारच्या खोलीत छपाईची यंत्रं अशी धडधडायची म्हणे की ऐकणारी माणसं महिन्याभरात पळून जायची. म्हणून तिथे बहिऱ्यांना नेमायचे. आम्हाला ती धडधड तळपायातून कळायची, आणि यंत्र थांबलं की आम्ही सगळे एकदम मान वर करायचो. घडी घालायची, सुईत ओवायचं, शिवायचं, आणि तोंड चालूच. म्हणजे हातच. मुकादम बिचारा डोक्याला हात लावून बसायचा, कारण इतर खात्यांत लोक गप्पा मारता मारता काम करू शकत, आमच्या खात्यात गप्पा सुरू झाल्या की काम बंद. तिथेच तुझे बाबा मला भेटले. पहिल्याच दिवशी त्यांनी पलीकडच्या टेबलावरून मला विचारलं, तू इतक्या भरभर बोलतेस, दम नाही लागत का? मी म्हटलं, तुम्हाला वाचायला दम लागत असेल तर सांगा, हळू बोलते. त्यांनी मग आयुष्यभर मला हळू बोलायला सांगितलं नाही.

आणि अशा बाईचं बोट अडकायला लागलं. लोकांना वाटतं एक बोट म्हणजे काय मोठंसं, जेवता येतंय, झाडता येतंय. पण माझ्यासाठी ते तोतरं होणं होतं. हात उघडायचा शब्द असला की चार बोटं पुढे जायची आणि हे मागे राहायचं. मग मी थांबायची, डाव्या हाताने सोडवायची, पुन्हा सुरू करायची. तोपर्यंत समोरचा वाक्य पुरं करून मोकळा. बाबा सुरुवातीला मला तोतरी म्हणून चिडवायचे. पुढे त्यांनी चिडवणं सोडलं, आणि नकटे, त्यांनी चिडवणं सोडलं तेव्हा मी खरी घाबरले. आमच्या बहिऱ्यांच्या मंडळात दर आठवड्याला मी गोष्टी सांगायची, तुला आठवतं ना, खुर्च्या गोल करून बसायचे सगळे आणि मी मध्ये उभी. मी जागा बदलली. आधी मध्यावरून कडेला आले, मग मागच्या रांगेत. हात मांडीवर ठेवून इतरांचं बघत बसायची. घरी येऊन बाबांशी बोलायची तेवढंच, आणि तेही हळूहळू कमी केलं. वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

तू दर फोनला माझ्यामागे लागायचीस. वीस मिनिटांचं काम आहे आई, इतकीशी चीर, त्याच दिवशी घरी. तुझं बरोबर होतं, पण तू घशाने बोलतेस. तुला कुणी म्हटलं असतं, घशाला इतकीशी चीर द्यायची आहे, तर तू लगेच मान पुढे केली असतीस का? आमच्या खात्यातला उंच्या तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. कागद कापायच्या यंत्रात त्याची दोन बोटं गेली. माणूस बरा झाला, कामावर आला, पण त्याचे निम्मे शब्द त्या यंत्रातच राहिले. तो एखादा शब्द करायचा आणि आपण मनात उरलेला भाग भरून घ्यायचा. सगळे भरून घ्यायचे, कुणी चुकूनही दाखवायचं नाही, पण त्याला ते कळायचं. पुढे पुढे तो फक्त मान डोलवायचा. मला त्याच्यासारखं व्हायचं नव्हतं. अडकणारं बोट परवडलं, गेलेलं बोट नको, असा माझा हिशोब होता. म्हणून मी गरम पाण्यात हात बुडवून बसले, बोटाला पट्टी बांधून झोपले, तळहातात इंजेक्शनसुद्धा घेतलं. ते काही महिने लागू पडलं आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, दुभाषा कोण येणार? मी हात वर केले. आमची दुभाषी आता साता समुद्रापलीकडे. तुझा हात धरून किती ठिकाणी गेलो आम्ही, आठवून हसू येतं. चपलांच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात. काउंटरच्या वर फक्त तुझं कपाळ दिसायचं आणि तुझे दोन हात. तुला ताप आला होता तेव्हा तूच डॉक्टरांना सांगत होतीस की मुलीला काल रात्रीपासून ताप आहे, आणि ती औषध प्यायला फार त्रास देते. स्वतःचीच चहाडी इतक्या प्रामाणिकपणे करणारी मुलगी त्या डॉक्टरांनी पाहिली नव्हती.

आणि तो रेडिओ! तो किस्सा जावईबापूंना सांगितलास की नाही? तू चार महिन्यांची असताना बाबांना कुणीतरी सांगितलं, ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर बोलणं पडलं पाहिजे, नाहीतर ते बोलायला शिकत नाही. बाबांनी दुसऱ्याच दिवशी रेडिओ आणला आणि पाळण्याशेजारच्या स्टुलावर ठेवला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते त्यावर हात ठेवून बघायचे. थरथरतोय म्हणजे चालू आहे. मीही येता जाता हात लावायची. कोण किती छान बोलत असेल, काय काय शिकत असेल आपली पोर, म्हणून आम्ही खुशीत. एके दिवशी खालच्या मजल्यावरची शेजारीण डोक्याला फडकं बांधून वर आली. तिने चाक फिरवून दाखवलं, लिहून सांगितलं, तेव्हा कळलं की कितीतरी दिवस त्यातून नुसती खरखर येत होती, दोन केंद्रांच्या मधली. आम्ही पोरीला मन लावून खरखर शिकवत होतो. आणि तू अशी लबाड की त्या खरखरीत गाढ झोपायचीस, रेडिओ बंद केला की रडायचीस. पुढे रोज शेजारीणच येऊन चाक लावून द्यायची.

मोठी झाल्यावर तू आमच्यावर सूड उगवलास म्हणा. इतर घरांतल्या मुली रागावल्या की दार आपटतात. तू एकदा आपटून पाहिलंस, आम्हाला पत्ताच लागला नाही, आम्ही आपले जेवत होतो. मग तू युक्ती काढलीस. भांडण तुझ्यावर शेकायला लागलं की उठून खोलीतला दिवा बंद करायचीस. बोलती बंद! अंधारात आम्ही दोघे हात हलवतोय आणि कुणाला काही दिसत नाही. बाबा चाचपडत जाऊन दिवा लावायचे, तू पुन्हा बंद करायचीस. शेवटी मला हसू यायचं आणि भांडण तिथेच संपायचं. परवा वीज गेली होती तेव्हा आम्ही दोघं अंधारात बसून त्याचीच आठवण काढत होतो, म्हणजे मनातल्या मनात, वीज आल्यावर कळलं की दोघंही तेच आठवत होतो.

आता ऑपरेशन. मी आधीच कागदावर अट घातली होती, डावा हात मोकळा हवा. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि त्या हात धुवायला गेल्या. इकडे आतल्या माणसांनी नेहमीच्या सवयीने काम सुरू केलं. उजवा हात एका फळीवर पसरून बांधला, डाव्या हाताला रक्तदाब मोजायचा पट्टा लावला आणि तोही दुसऱ्या फळीवर बांधून टाकला. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. ओठ दिसत नाहीत, हात हलत नाहीत. कुणी वाईट वागत नव्हतं, उलट नर्स माझ्या कपाळावरून हात फिरवत होती, पण माझ्या तोंडात बोळा कोंबला होता आणि कुणाला ते दिसतच नव्हतं. मी भुवया उडवल्या. तिने मान हलवली, होईल हं सगळं नीट. मी पाय झाडले. तिला वाटलं थंडी वाजते आहे. तिने माझ्या पायांवर पांघरूण घातलं. मी लाथेने उडवलं. तिने उचलून पुन्हा घातलं, या वेळी कडा खाली खोचून. म्हातारी गोठून मरू नये याची काळजी तिच्या डोळ्यांत दिसत होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या, माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही पण नर्सचे कान लाल झाले. पट्टा पायाला गेला, हात सुटला. मी पहिली गोष्ट काय केली असेल? डाव्या हाताने त्या नर्सला सांगितलं, पोरी, तू मनाची चांगली आहेस पण डोक्याने थोडी कमी आहेस. तिला वाटलं मी आभार मानले. तिने माझा हात दाबला.

तळहातात सुई टोचली तेव्हा आग आग झाली, मग सगळं बधिर. रक्त अडवायला उजव्या दंडावर पट्टा करकचून आवळला, त्याचाच त्रास जास्त. मधे हिरवा पडदा. आम्ही ठरवलं होतं की खांद्यावर एक थाप म्हणजे बोट मीट, दोन थापा म्हणजे उघड. मी छताकडे बघत पडले होते आणि उंच्या आठवत होता. मग खांद्यावर एक थाप पडली. मी मनाने बोट मिटलं. दोन थापा. मनाने उघडलं. झालं की नाही, कसं कळणार? बोट तर मेल्यासारखं होतं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काहीतरी सांगितलं आणि नर्सने पडदा खाली केला. मी पाहिलं. रक्त होतं, तळहातावर बोटाच्या पेराएवढी चीर होती, ते सगळं होतं, पण मी बोटच पाहत होते. ते मिटलं, आणि कुणी हात न लावता, न अडकता, सरळ उभं राहिलं. मी पुन्हा मिटलं. पुन्हा उघडलं. मला थाप पडायची वाट बघवेना, मी आपली उघडझाप करतच सुटले, शेवटी डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले, कारण त्यांना टाके घालायचे होते. मी रडायला लागले आणि नर्स घाबरून पुन्हा पांघरूण घेऊन आली.

बाबांचं बाहेर वेगळंच नाटक. बाहेरच्या खोलीत भिंतीवर भोंगा, त्यातून नातेवाइकांची नावं पुकारतात. बाबांना हे माहीत होतं, म्हणून ते डोळ्यांत तेल घालून दाराकडे बघत बसले होते, पापणी लवली आणि कुणी येऊन गेलं तर? तिकडे भोंगा त्यांच्या नावाने ओरडून दमला. शेवटी नर्स मला चाकाच्या खुर्चीतून बाहेर घेऊन आली. बाबांनी माझ्या बँडेजच्या गुंडाळ्याकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि एकच विचारलं, उघडतंय? मी डाव्या हाताने म्हटलं, उघडतंय. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना एकदम आठवलं की सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

पुढचे दिवस घरात खरी शांतता होती. ऐकणाऱ्या लोकांना वाटतं बहिऱ्यांचं घर नेहमीच शांत असतं. तुला माहीत आहे किती गोंगाट असतो ते. पण माझा उजवा हात उशीवर उंच ठेवलेला, पाणी लागू द्यायचं नाही, वजन उचलायचं नाही. एका हाताने बोलणं म्हणजे तोंडात घास धरून बोलणं. आणि भांडी घासायला बाबा. त्यांचे दोन्ही हात साबणात, म्हणजे तेही मुके. मी काही सांगितलं की ते फेसाळलेले हात झटकून उत्तर द्यायचे आणि भिंतीवर, आरशावर, माझ्या चष्म्यावर फेस. मी म्हटलं, आधी भांडी संपवा, मग भांडा.

टाके निघाल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगी होती. बोटं सरळ करा, वरची पेरं मुडपून आकडा करा, मूठ करा, पुन्हा सरळ. दिवसातून कितीतरी वेळा. मधलं पेर इतके दिवस वाकून राहिलं होतं की सुरुवातीला पूर्ण सरळ होईना. व्रणावर तेल लावून अंगठ्याने गोल गोल चोळायचं, नाहीतर कातडी आत चिकटते. मी खिडकीत बसून हे सगळं करत राहायची. समोरून जाणारी मंडळातली बाई थांबून विचारायची, काय बोलतेस, काही कळत नाही. खरंच, आमच्या भाषेत ती नुसती बाळबडबड. बा-बा, मा-मा, दा-दा. साठी उलटल्यावर मी पुन्हा पाळण्यात. पण रोज थोडं जास्त उघडत गेलं. अजून सकाळी थोडं आखडतं, टेबलावर तळहात टेकवून उठायला गेले की कळ येते. ती हळूहळू जाईल म्हणतात. अडकत मात्र नाही. गेल्या आठवड्यात मी मंडळात गेले आणि न विचारता मध्ये जाऊन उभी राहिले. पांघरुणाचा किस्सा सांगितला. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते.

हे तुला दाखवायला मी त्या दिवशी फोन केला, तेव्हा तुझी छकुली झोपली होती. त्याच्या आधीही झोपली होती. मी येते म्हटलं, तर तू म्हणालीस आत्ता इथे फार थंडी आहे, तुझा हात अजून कच्चा आहे, उन्हाळ्यात बघू. तू बोलत होतीस आणि तुझे हात बरोबर होते, पण चेहरा दुसरंच काही म्हणत होता. आपल्या भाषेत खोटं बोलणं फार अवघड असतं, तुला ते लहानपणीही नीट जमलं नाही.

मला ठाऊक आहे, नकटे. छकुलीला ऐकू येत नाही. थंडी सुरू व्हायच्या आधीचा तो फोन आठव. ती तुझ्या मांडीवर होती, जावईबापू मागे स्वयंपाकघरात. काहीतरी पडलं, जड असणार, कारण तुझे खांदे उडाले आणि मान गर्रकन मागे वळली, आणि जावईबापू ओशाळं हसत दारात आले. मी आवाज ऐकत नाही, पण आवाज झाला की माणसांचं काय होतं ते मी जन्मभर बघत आले आहे. छकुलीची पापणीसुद्धा हलली नाही. तू पुढे वळलीस, तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मी काही पाहिलंच नाही असं दाखवून पुढे बोलत राहिले. त्यानंतर ती प्रत्येक फोनला झोपलेली असते. बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, छकुली हे तोंडाचं नाव झालं, तिचं हाताचं नाव काय ठेवायचं?

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जगात हे ज्यांना सांगणं सगळ्यात सोपं, ते आम्ही दोघं, आणि तू आमच्यापासूनच लपवलंस. मग माझ्या ध्यानात आलं की तू ज्या गोष्टीसाठी रडते आहेस, ती गोष्ट म्हणजे मीच. ते तू मला कोणत्या तोंडाने सांगणार होतीस? म्हणून आता माझं ऐक. तू दोन महिन्यांची असताना मुकादम तुला बघायला आला होता. त्याने पाळण्यामागे उभं राहून डब्यावर झाकण आपटलं. तू दचकलीस, ओठ काढलेस, रडलीस. मुकादमाने हात उंचावले, ऐकतेय, ऐकतेय! सगळे नाचायला लागले. मी न्हाणीघरात गेले, दार लावून घेतलं आणि खूप रडले. तू ऐकतेस म्हणून रडले. वाटलं, ही आपली राहणार नाही, ही त्या दुसऱ्या लोकांची, तिच्या जगात मला दारच नाही. हे फक्त बाबांना माहीत आहे. मग मी तोंड धुतलं आणि बाहेर येऊन तुला उचललं. तेव्हा तूही रड. पोटभर रड. त्याने तू वाईट आई होत नाहीस, आणि मला त्यात काही लागत नाही.

राहिला तुझा प्रश्न, मी एका दिवसात कशी तयार झाले. त्याच फोनवरची गोष्ट आहे, पण तू तेव्हा मागे बघत होतीस. मी छकुलीला फूल हा शब्द हाताने करून दाखवत होते. बोटं एकत्र मिटायची आणि उघडायची. माझी चार उघडली, हे अडकलं आणि वाकडंच राहिलं. तिची नजर माझ्या हातावरून हलली नाही. मग तिने तिचा इवलासा हात वर केला, बोटं मिटली, उघडली, आणि शेवटची दोन मुडपून ठेवली, कारण एकटंच मुडपायला तिला अजून जमत नाही. माझ्या नातीचा पहिला शब्द, आणि तो माझ्यासारखा तोतरा. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी त्याच्या दारात उभी होते. आता पत्र मिळालं की फोन लाव, आणि तिला मांडीवर घेऊन बस. मी तिला एक शब्द चुकीचा शिकवला आहे, तो मला नीट करून द्यायचा आहे.

तुझीच, आणि आता तिचीसुद्धा,
आई